फाट्यापर्यंतचं माहेर

आक्का, तुला आता 'मेले' म्हणायची सोय राहिली नाही. जन्मभर फोन उचलला की माझा पहिला शब्द तोच. "मेले, कुठं उलथली होतीस?" आणि तिकडून तू, "तूच मर गं, मी भाकऱ्या थापतोय." थापतोय! बंदरातल्या बायका तुला हसायच्या, ही बाईमाणूस असून येतो-जातो बोलते म्हणून. मासे खायला शिकलीस, नारळ सोलायला शिकलीस, पण आपल्या बेळगावच्या वडगावची बोली काही सोडली नाहीस. आता तुझ्याच स्वयंपाकघरात, तुझ्याच पाटावर बसून हे लिहितेय आणि ती शिवी सारखी ओठापर्यंत येतेय. लाडाची शिवी खरी झाली की तोंड कडू होतं, हे मला माहीत नव्हतं.

तुझा बारावा अजून व्हायचाय. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी बोलणार नाही. तू खोटारडी होतीस. तुझ्याइतक्या सफाईनं खोटं बोलणारी बाई आपल्या गल्लीत दुसरी नाही, आणि आपल्या गल्लीत सगळे साड्या विकणारे राहतात.

आधी रस्त्याचं बोलू, कारण आपलं सगळं भांडण त्या रस्त्यावरूनच. घाट उतरलं की गोव्याकडं जाणारा मोठा हमरस्ता, त्याच्यावर फाटा, फाट्यावर एक चहाचं हॉटेल, आणि तिथून आत समुद्रापर्यंत जाणारा तुझा रस्ता. त्याच्या शेवटाला तुझं गाव आणि पुढं पाणी. गावाला चांगलं नाव आहे, पण आपल्या घरात सगळे बंदरच म्हणायचे. आप्पा आपल्या मागावरच्या साड्या घेऊन तिथं विकायला जायचे, दाजींच्या वडलांचं कापडाचं दुकान होतं. साडी आणि पोरगी, दोन्ही एकाच गिऱ्हाइकाला दिल्या. अण्णानं तेव्हा हिंदीतला विनोद केला होता, "आक्काला बंदरात न्हाय, बंदरांत दिली." सगळे हसले. मुंडावळ्या बांधलेली तूही हसलीस.

तुला पोचवायला गेलेला टेंपो त्या रस्त्यावरच्या मोरीत रुतला. माझी परीक्षा होती म्हणून मला नेलं नव्हतं, पण ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की मीच चिखलातून चालले असं वाटतं. आई ओकून ओकून अर्धी झाली. बायका शालू वर खोचून निघाल्या. अण्णाचा नवा बूट चिखलानं ओढून घेतला तो घेतलाच. परत फाट्यावर आल्यावर अण्णा म्हणाला, "ह्या रस्त्याला परत पाय लावला तर आप्पांचं नाव लावणार न्हाय." शब्दाला जागला बघ आपला भाऊ. आयुष्यात एवढा एकच शब्द पाळला त्यानं.

तिथून सुरू झालं तुझं फाट्यावरचं माहेर. नागपंचमीला भावानं जाऊन बहिणीला आणायचं असतं. अण्णा फाट्यापर्यंत यायचा, बरोबर आई आणि मी. तू आतनं वडापच्या जीपनं यायचीस. सासूबाई होत्या तोवर त्या तुला राहायला सोडत नव्हत्या, त्या गेल्या तर दुकान तुझ्या गळ्यात पडलं. मग काय, त्या हॉटेलातच सगळं. "बेळगावची मंडळी इली," म्हणत हॉटेलवाला आतलं टेबल पुसून द्यायचा. आई पिशवीतनं तंबिटाचे लाडू काढायची, खण काढायची, आणि बाजूला ट्रकवाले भजी खात असताना तुझी ओटी भरायची. एकदा तांदूळ रश्श्यात सांडले तर तू तेवढे वेचून पदरात बांधलेस. आईनं तोंड फिरवलं. मग परतीची घाई व्हायची आणि तू वडाप शोधायला जायचीस.

तुझं ते उतरणं मात्र बघण्यासारखं होतं. जीपमधून एक पाय खाली, एक हात कमरेवर, तोंड वाकडं. "आई गं, कंबर मोडली! रस्ता हाय का म्हशीचा गोठा!" आई लगेच कळवळायची, "नगं बाई, तूच नगं येऊस एवढ्या लांब." मी म्हणायचे, "आक्का, मी येतो की तुझ्याकडं. मला समुद्र दाखव." आणि तू, "थांब की जरा. रस्त्याचं काम निघालंय म्हणत्यात. झाला की ये." दरवर्षी तेच. काम निघालंय. ठेकेदार पळालाय. खडी पडलीय, डांबर न्हाय.

अण्णाचं आणखी एक सांगते, हसशील. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रत्येक मोर्चात हा पुढं. घसा बसेपर्यंत घोषणा, दोनदा लाठी खाल्ली, एकदा हिंडलग्याच्या जेलातही जाऊन आला. महाराष्ट्रात जायचं, महाराष्ट्रात जायचं. अगं, आपल्या घरातली एकटी तूच महाराष्ट्रात गेलीस, तेही एक घोषणा न देता, आणि हा बाबा तुझ्या दारात म्हणून कधी आला नाही. हे मी त्याच्या तोंडावर बोलले होते. तो म्हणाला, "ते वेगळं."

गेल्या पंचमीच्या तोंडावर आपलं वाजलं ते आठवतं ना? अण्णाच्या पोरानं मोबाईलवर नकाशा काढून दाखवला, "आत्ती, रस्ता निळा दिसतोय बघ, फाट्यापासनं तासभर बी न्हाय." मी लगेच तुला फोन लावला. तू म्हणालीस, "मोबाईलला कंबर हाय व्हय? त्याला काय कळतंय खड्डा?" आणि वर पुरावा म्हणून फोटो पाठवलास, वाहून गेलेल्या मोरीचा. तोच फोटो तू मागच्या वर्षी पाठवला होतास. मी म्हटलं, "मेले, ही मोरी दरवर्षी वाहून जाती आणि दरवर्षी तिथंच कावळा बसतोय?" तू म्हणालीस, "सरकारी मोरी हाय, वाहून जाणारच. आणि कावळ्याचं काय मला विचारतीस?" मग मला राग आला. मी म्हटलं, "तुला आम्ही तुझ्या घरी नगोच आहोत. एवढं काय सोनं पुरलंयस घरात? का आमची लाज वाटतीया तिकडच्या लोकांत?" तू फोन ठेवलास. नंतर आपण बोललो, भाकरी-भाजीचं, पोरांचं, सुताच्या भावाचं बोललो. हे भांडण मात्र तसंच उघडं राहिलं.

आणि मग दाजींचा फोन. भांडी घासता घासता छातीत कळ आली म्हणून बसलीस, ती उठली नाहीस. मी मागावरच होते. चैत्राचं ऊन पत्र्यातून डोक्यावर येत होतं. दाजी एवढंच म्हणाले, "माहेरचं पातळ पायजे. थांबलोय."

सवाष्ण बाई माहेरच्या पातळाशिवाय घरातनं निघत नाही. भावानं आणायचं, अंगावर घालायचं, मग उचलायचं. बाकी सगळं सासरचं, शेवटचं तेवढं आपलं. अण्णा आतल्या खोलीत गेला आणि हिरवं पातळ घेऊन आला. मी हातात घेतलं तर ते चुकलेल्या मालातलं. विणताना धागे तुटून जाळी पडलेल्या साड्या आपण बाजूला ठेवतो ना, पुढं कुणीतरी अर्ध्या किमतीत नेतं, त्या गठ्ठ्यातलं. मी त्याच्याकडं बघितलं. तो म्हणाला, "जळायलाच हाय न्हवं? चांगलं कशाला घालवायचं?"

आक्का, मी हे तुला सांगणार नव्हते. पण तूही मला पुष्कळ काही सांगितलं नाहीस, तेव्हा फिटंफाट. अण्णा रडत होता बरं का, खरोखर रडत होता. पंच्यानं तोंड पुसत होता आणि हे बोलत होता. दोन्ही एकाच माणसाला जमतं. मी ते पातळ त्याच्या अंगावर फेकलं. माझ्या मागावरनं नुकतंच उतरवलेलं, एका नवरीसाठी विणलेलं हिरवं पातळ होतं, ते घेतलं. नवरीला दुसरं विणता येईल.

भाड्याच्या गाडीनं घाट उतरलो. वाटेत अण्णा तुझ्या लहानपणच्या गोष्टी सांगत होता, तू सुताच्या कांड्या भरायचं सोडून झोका घ्यायला कशी पळायचीस वगैरे. मला वाटलं, आज तरी येईल. फाटा आला. ड्रायव्हरला त्यानं नेहमीसारखी हॉटेलसमोर गाडी लावायला सांगितली. मी म्हटलं, "थांबतोस कशाला? आत चल." तो म्हणाला, "दाजींना सांगितलंय, कुणाला तरी फाट्यावर पाठवा म्हणून. पातळ देऊया." मला आधी कळेचना. "आणि आपण?" तर खाली बघून म्हणाला, "रस्ता कसा हाय तुला म्हाईत हाय. त्यात केए पासिंगची गाडी, आत कुणी काळं फासलं तर मालकाला काय सांगू? आणि आता जाऊन ती उठून बसणार हाय का?"

बघ, एकेक कारण कसं घडी घालून आणलं होतं. सवय गं, दुसरं काय. तुला भेटायचं म्हणजे फाट्यावर. तू मेलीस तरी फाट्यावर.

पातळ न्यायला कोण आलं माहितेय? तुझी मयुरी. आईचं मढं घरात ठेवून पोरगी स्कूटर चालवत आलेली. घरचे पुरुष लाकडं, गाडी बघण्यात, आणि फाट्यावर कुठं थांबायचं हे तिलाच माहीत, तुझ्याबरोबर इतकी वर्षं येत होती ना. हेल्मेट काढलं तर डोळे सुजून भोपळा. अण्णानं पातळ, नारळ, हळदीकुंकवाची पुडी तिच्या हातात दिली, तिला जवळ घेऊन हुंदका दिला आणि म्हणाला, "सावकाश जा बाळा, रस्ता वाईट हाय."  मयुरी त्याच्याकडं बघत राहिली फक्त. मी तिच्या हातातनं पातळ काढून घेतलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. "खुळी का काय तू?" अण्णा ओरडला. "त्या रस्त्यानं स्कूटरवरनं जातीस? मोडून पडशील!" मी म्हटलं, "पडू दे. पातळ हाय अंगावर घालायला."

निघालो. रस्ता काळा कुळकुळीत. मधोमध पांढरे पट्टे, कडेला लाल दिवे लावल्यासारखी चकचकीत बटणं, दोन्ही अंगाला जांभा दगड कापून काढलेला. काजूची झाडं, मग आंबे, मग सुरूचं बन. पोटातलं पाणी हलत नव्हतं. मी एका हातानं पातळ धरलेलं, दुसऱ्या हातानं मयुरीला, आणि वाट बघतेय, आता येईल चिखल, आता येतील खड्डे. बरंच गेल्यावर मी विचारलं, "मयुरे, तो रस्ता कुठं सुरू होतो गं?"

"कुठला, मावशी?"

"वाईट."

 एक चढ आला, वळण आलं आणि समोर निळं पाणी. "हेच बंदर," ती म्हणाली. "संपला रस्ता."

समुद्र मी पहिल्यांदा बघितला तो असा. तोंडातनं शिवीच आली. "कधी झाला हा रस्ता?" मी विचारलं. ती म्हणाली, "मी चौथीत होते." आक्का, पोरगी आता बँकेत नोकरी करते.

म्हणजे ते कमरेवर हात धरून उतरणं, ते आई गं, ती मोडलेली कंबर! एवढं नाटक? त्या वेळी तिथं तू गेलेली नसतीस तर मी तुला धरून हाणली असती. आई गेली तेव्हा तू सकाळच्या फोनवर दुपारच्या आत वडगावात हजर होतीस, शेजारच्या शहापुरातली काकू तुझ्यानंतर आली. आम्हाला तेव्हा कळायला पाहिजे होतं. कुणाला कळलं नाही, कारण कुणाला कळून घ्यायचं नव्हतं.

तुला पातळ नेसवलं मी आणि शेजारच्या म्हातारीनं. धंद्याची सवय वाईट, माझा हात आपोआप काठावरनं फिरला, कुठं धागा सुटलाय का बघायला. आणि सापडला. पदराजवळ, माझ्याच हातनं सुटलेला. तू असतीस तर लगेच म्हणाली असतीस, "डोळे हायत का भोकं?" तुझ्या अंगावर तो पदर सारखा करताना मी त्या बोलण्याची वाट बघितली. म्हातारीनं विचारलं, "तू तिची भैण? रस्तो बरो असा मां आमचो?" मी म्हटलं, लई चांगला हाय. "मगे इतकी वर्सां खंय होतंस?" कुठं होते मी, हे तिनं सहज विचारलं, वाईट हेतूनं नाही. मी तुझ्या पायाशी बसून निऱ्या परत सारख्या केल्या.

दुसऱ्या दिवशी मयुरी चहा घेऊन माझ्याजवळ बसली. मी विचारलं, का असं केलं तुझ्या आईनं? माझी लाज वाटत होती का तिला? पोरीनं नाही म्हणून मान हलवली. म्हणाली, "मी पण भांडले होते तिच्याशी. म्हटलं, रस्ता एवढा मस्त झालाय, सांग ना मामाला. तर म्हणाली, 'सांगितलं आणि तरी कोण आलं न्हाय, तर? आता रस्त्याला शिव्या घालता येत्यात. मग कुणाला घालू?'"

ऐकलंस? तुझंच बोलणं तुला ऐकवतेय. इतकी वर्षं तू आमचं पाप त्या बिचाऱ्या रस्त्याच्या डोक्यावर घातलंस. गावात सांगत राहिलीस, माझी माणसं यायला टपलीत पण त्यांना प्रवास सोसत नाही. आम्हाला सांगत राहिलीस, येऊ नका, कंबर मोडेल. दोन्हीकडं आम्हाला सांभाळून घेतलंस आणि स्वतः भज्यांच्या वासात ओटी भरून घेत बसलीस. याबद्दल तुझे उपकार मानू का तुझ्या झिंज्या धरू, मला कळत नाही. दोन्ही करावंसं वाटतं.

पण एक विचारते, आणि याचं उत्तर तू दिलंच पाहिजे होतंस. मीसुद्धा? अण्णाचं सोड. मला एकदा तरी सांगून बघायचंस. "मेले, रस्ता झाला, ये," एवढंच. मी आले असते. माग बंद ठेवून आले असते. आले असते ना? तू मला परीक्षेला न बसवताच नापास केलंस आणि निकालही कळू दिला नाहीस. आता मी कितीही ओरडले तरी ते सिद्ध होत नाही. तुझ्या दारात मी आले ती तुझ्या मयताला, हेच खरं राहणार. एवढी क्रूर तू कधी झालीस गं? का तू माया करत होतीस आणि तिला धार होती?

मी इथंच राहिलेय. तुझी मयुरी तुझ्यासारखीच मीठ जास्त टाकते. दाजी दुकानाची फळी काढतात आणि परत लावतात. संध्याकाळी मी तुझ्या रस्त्यावर चालत जाते, शेवटच्या वळणापर्यंत. छान आहे रस्ता. अनवाणी चालावं इतका छान.

बाराव्याला भाऊ लागतो. दाजींना टोपी-उपरणं त्यानं द्यायचं असतं. आज सकाळी मी अण्णाला फोन केला. भांडायचं नाही असं ठरवून केला. म्हटलं, "अण्णा, रस्ता चांगला हाय. अगदी झ्याक. मयुरी चौथीत असताना झालाय. आक्का आपल्याशी खोटं बोलायची. घरापासनं दारापर्यंत गाडी येती, एक खड्डा न्हाय. उद्या ये."

तिकडं मागांचा आवाज येत होता. मग म्हणाला, "खरं सांगतीस?"

"आक्काची शप्पत."

 मग तो हलका झाल्यासारखा म्हणाला, "मग बरंच झालं की गं. तुम्हाला फाट्यापर्यंत यायला सोपं. दाजींना घेऊन ये सकाळी, मी तिथंच टोपी घालतो, आणि तुलाबी परत घेऊन जातो."

मी फोन ठेवला. मयुरी दारात तांदूळ निवडत होती. तिनं वर न बघता विचारलं, "मामा येतोय?"

बाहेर ऊन नुसतं रटरटत होतं. आभाळात ढगाचं बोट नव्हतं.

"न्हाय गं," मी म्हणाले. "घाटात दरड कोसळलीया म्हणं. रस्ता बंद हाय."

पोरीनं मान वर केली. माझ्याकडं बघितलं, बाहेरच्या उन्हाकडं बघितलं, आणि म्हणाली, "बरं."